फुकट सॉफ्टवेअरचं बलुतं

अमेरिकेतलं 'इन्फोवर्ल्ड' हे संगणकविषयक साप्ताहिक दरवर्षी निवडक उत्पादनांना पुरस्कार देत असे. 1997 या वर्षासाठी 'सर्वोत्तम तांत्रिक साहाय्य' हा पुरस्कार त्यांनी ज्याला दिला, त्याच्याकडे ना ऑफिस होतं, ना फोन नंबर, ना एकही पगारी माणूस. तो पुरस्कार लिनक्स वापरणाऱ्या जगभरच्या समुदायाला होता. अडचण आली की इंटरनेटवर मांडायची. कुणीतरी अनोळखी माणूस रात्री जागून उत्तर लिहायचा. पैसे घ्यायचा नाही.

त्यानंतर बावीस वर्षांनी, 9 जुलै 2019 रोजी, आयबीएमने रेड हॅट ही कंपनी 34 अब्ज डॉलर मोजून घेतली. रेड हॅट विकत होती ते हेच लिनक्स. त्याचा सोर्स कोड उघडा होता आणि त्याची नक्कल करायला कायद्याने मोकळीक होती. म्हणजे आयबीएमने सॉफ्टवेअर विकत घेतलं असं म्हणता येत नाही. तिने मुख्यतः विकत घेतली ती एक सवय. जगभरच्या बँका, टेलिफोन कंपन्या आणि सरकारं फुकट सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी दरवर्षी पैसे भरत होत्या, ती सवय.

जे 1997 साली फुकट होतं आणि सर्वोत्तमही होतं, त्याला इतकी किंमत कशी आली?

किंमत वेगळी झाली तो दिवस

ही गोष्ट लिनक्सच्याही आधी सुरू होते. 1960च्या दशकात आयबीएमचे प्रचंड संगणक बहुतेक वेळा भाड्याने मिळत. भाडं एकच. त्यात यंत्र, प्रोग्राम, ते बसवून देणारे आणि बिघडल्यावर धावत येणारे इंजिनिअर असं सगळं आलं. सॉफ्टवेअरला वेगळी किंमत असते, हे बहुतेक गिऱ्हाइकांच्या डोक्यातही नसे.

23 जून 1969 रोजी आयबीएमने जाहीर केलं की यापुढे सॉफ्टवेअर आणि बऱ्याचशा सेवांचे पैसे वेगळे पडतील. मक्तेदारीविरोधी खटल्याचं सावट हे त्यामागचं एक कारण होतं. त्या घोषणेतून सॉफ्टवेअर हा स्वतंत्र धंदा उभा राहिला. 'मदत' ही गोष्टही बिलावर स्वतंत्र ओळ होऊन बसली.

त्या ओळीचं महत्त्व भारताला लवकर कळलं, तेही वेगळ्या कारणाने. परकीय भागभांडवलाच्या नियमांवरून सरकारशी जमलं नाही म्हणून 1978 साली आयबीएम भारत सोडून गेली. देशभर तिचे संगणक मागे राहिले. ते चालू ठेवण्याचं काम सरकारी कंपनी सीएमसीकडे आलं. सीएमसीचं पूर्ण नाव होतं कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. संगणक बनवणं किंवा विकणं नव्हे, संगणक सांभाळणं हेच जिच्या नावात आहे अशी ही कंपनी 1975 सालीच स्थापन झाली होती. विकणारा निघून गेल्यावर यंत्र कोण चालवणार, हा प्रश्न आपल्याकडे आधी पडला होता.

दीडशे डॉलरची टेप

अमेरिकेत एमआयटीमधल्या रिचर्ड स्टॉलमनने 1983 साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. कुणीही वापरावं, उघडून पाहावं, बदलावं, वाटावं अशी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची, असा बेत होता. नोकरी सोडल्यावर पोटापाण्यासाठी त्याने 1985च्या सुमारास ईमॅक्स हा एडिटर टेपवर भरून 150 डॉलरला विकायला सुरुवात केली. ज्याला इंटरनेटवरून उतरवून घेता येत होता त्याने फुकट घ्यावा, ज्याला जमत नसेल त्याने टेप मागवावी. 150 डॉलर त्या खटाटोपाचे होते, प्रोग्रामचे नव्हते.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ग्नूच्या जाहीरनाम्यात त्याने एक मुद्दा मांडला होता. सॉफ्टवेअर फुकट असलं, तरी ज्याला हाताशी धरून शिकवणारं, अडचण सोडवणारं कुणीतरी हवंय, तो त्यासाठी पैसे देईल आणि अशी सेवा देणाऱ्या कंपन्या चालू शकतील. बहुतेकांना जाहीरनाम्यात आदर्शवाद दिसला. मायकेल टीमन या तरुण प्रोग्रामरला त्यात धंद्याचा आराखडा दिसला. जॉन गिलमोर आणि डेव्हिड हेंकेल-वॉलेस यांना बरोबर घेऊन त्याने 1989 साली सिग्नस सपोर्ट ही कंपनी काढली. 'सपोर्ट' हा शब्द नावातच होता.

फुकट सॉफ्टवेअर परवडेल असं करणं, हे त्यांचं ब्रीद. ऐकायला विनोदी वाटतं, पण हिशोब सरळ आहे. कम्पायलर फुकट मिळाला, पण तो तुमच्या नव्या चिपवर चालेना, तर तो चालवू शकणारा इंजिनिअर पगारावर ठेवावा लागतो. तो पगार म्हणजे त्या फुकट कम्पायलरची तुमच्यासाठीची किंमत. सिग्नसने तोच इंजिनिअर अनेक गिऱ्हाइकांत वाटला, म्हणून प्रत्येकाला तो स्वस्तात पडला. दहा वर्षांनी, नोव्हेंबर 1999मध्ये, रेड हॅटने सिग्नस विकत घेण्याचा सौदा केला. शेअरच्या रूपात किंमत होती सुमारे 67 कोटी 40 लाख डॉलर.

लाल टोपी आणि केचप

रेड हॅटची सुरुवात मार्क युइंगच्या लिनक्स वितरणातून झाली. आजोबांनी दिलेली कॉर्नेल विद्यापीठाच्या लॅक्रॉस संघाची लाल टोपी तो घालायचा, म्हणून हे नाव. बॉब यंग हा टपालाने सॉफ्टवेअर आणि पुस्तकं विकणारा दुकानदार. 1995 साली दोघं एकत्र आले. यंगला प्रोग्रामिंगपेक्षा विक्री जास्त कळत होती. त्याचा आवडता दाखला केचपचा असे. टोमॅटो केचप कुणालाही घरी करता येतो, तरी लोक हाइन्झची बाटली विकत घेतात. लिनक्सचंही तसंच करायचं.

11 ऑगस्ट 1999 रोजी रेड हॅटचा शेअर बाजारात आला. विक्रीची किंमत 14 डॉलर होती, दिवस संपताना भाव 52 डॉलर. पण कंपनीचं उत्पन्न अजून खोक्यातल्या सीडींच्या विक्रीवर बरंचसं अवलंबून होतं. एकाने सीडी घ्यायची आणि दहा जणांना वाटायची, यात काही बेकायदा नव्हतं.

केवळ मदत विकूनही भागत नव्हतं. 1998 साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेल्या लिनक्सकेअर या कंपनीने तेच करून पाहिलं. कुठल्याही वितरणाचं लिनक्स असो, अडलं तर आम्हाला विचारा. 2000 साली ती शेअरबाजारात उतरणार होती, पण तो बेत बारगळला आणि कंपनीला उतरती कळा लागली. अशा धंद्याची मेख साधी आहे. सॉफ्टवेअर जितकं चांगलं, तितके फोन कमी येतात. बिघाड मोजून पैसे घ्यायचे, तर चांगलं काम करणाराच उपाशी राहतो.

रेड हॅटने 2002 साली अ‍ॅडव्हान्स्ड सर्व्हर हे सर्व्हरसाठीचं वितरण काढलं, ज्याचं पुढे रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स झालं. ते वर्षाच्या वर्गणीवर मिळे. बिघाड किती झाले हा प्रश्न बिलात नव्हता. सर्व्हर किती आणि मदत किती तातडीने हवी, एवढंच विचारात घेतलं जाई.

मराठी माणसाला ही पद्धत नवी वाटू नये. गावगाड्यात सुताराला नांगर दुरुस्त केल्याचे पैसे दरवेळी मिळत नसत. सुगीला खळ्यावर रास पडली की तो आपलं बलुतं घेऊन जाई. मग वर्षभर नांगर मोडो की पाभर, ते नीट करून देणं त्याचं काम. नांगर एकदा मोडला की दहादा, याची मोजदाद नाही. उलट नांगर मजबूत झाला तर सुताराचेच कष्ट वाचत. वार्षिक वर्गणीने लिनक्सच्या धंद्यात हेच केलं. सॉफ्टवेअर चांगलं असणं विक्रेत्याच्या फायद्याचं झालं.

पैसे नेमके कशाचे?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, ही रक्कम फोन उचलण्याची आहे. ती तशी आहेही. प्रीमियम वर्गणीत सगळ्यात गंभीर तक्रारीला दिवसा-रात्री कधीही एका तासात पहिलं उत्तर मिळायला हवं. स्टँडर्ड वर्गणीत हे फक्त कामकाजाच्या वेळेत. सगळ्यात स्वस्त वर्गणीत सॉफ्टवेअर आणि त्याचे अपडेट मिळतात, पण विचारायला माणूस मिळत नाही. पुढे बरीच वर्षं या तीन पायऱ्यांच्या छापील किमती एका सर्व्हरला वर्षाला 1299, 799 आणि 349 डॉलर होत्या. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यातला फरक म्हणजे 950 डॉलर. तेवढी माणसाची किंमत.

पण खालच्या पायरीवरचे 349 डॉलरही फुकाचे नाहीत. रेड हॅटची सातवी आवृत्ती जून 2014मध्ये आली आणि जून 2024पर्यंत सांभाळली गेली. तिच्या गाभ्यातलं लिनक्स 3.10 हे 2013 सालचं. जगातलं लिनक्स दर दोन-तीन महिन्यांनी पुढे सरकत होतं. नव्या आवृत्तीत एखादं भगदाड सापडलं आणि बुजवलं गेलं, की ती दुरुस्ती घेऊन 2013 सालच्या कोडमध्ये बसेल अशी कापून-शिवून लावावी लागे. त्यावर चालणारं बँकेचं जुनं सॉफ्टवेअर मात्र जराही हलता कामा नये. जुन्या वाड्याचा वासा बदलायचा आणि भिंतीचा गिलावाही पडू द्यायचा नाही, अशातलं हे काम. हौसेने करणारे फार थोडे. ते करायला पगारी माणसंच लागतात.

तिसरा भाग जबाबदारीचा. सर्व्हर बंद पडला की संचालक मंडळापुढे उभं राहणाऱ्या अधिकाऱ्याला 'इंटरनेटवर विचारलंय' असं सांगता येत नाही. 'कंपनीकडे तक्रार नोंदवली आहे, हा तिचा नंबर' हे सांगता येतं. त्या नंबरचीही किंमत असते.

आयत्या बिळावर

ही किंमत किती खरी आणि किती फुगवलेली, याचा पुकारा 25 ऑक्टोबर 2006 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनी जाहीर केलं की रेड हॅटच्या लिनक्सला आता ओरॅकलही आधार देईल. रेड हॅटच्या वरच्या श्रेणीच्या वर्गणीचे दर तेव्हा 1499 आणि 2499 डॉलर होते. ओरॅकलचे दर 99 डॉलरपासून सुरू होत आणि कितीही प्रोसेसर असलेल्या मशीनला सगळ्यात वरची सेवा 1999 डॉलरला मिळे. त्या वेळच्या सुमारे 45 रुपयांच्या दराने पाहिलं, तर सुमारे एक लाख बारा हजारांची वस्तू शेजारच्या दुकानात नव्वद हजारांना. दुसऱ्या दिवशी रेड हॅटचा शेअर जवळपास चोवीस टक्क्यांनी कोसळला.

कायद्याने यात काही चूक नव्हती. कोड खुला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यालाही खुला. पण जुनी आवृत्ती सांभाळण्याचं मूळ काम रेड हॅटचे इंजिनिअर करत होते. ओरॅकल आयत्या बिळावर नागोबा झाली होती. गंमत अशी की रेड हॅटची गिऱ्हाइकं फारशी हलली नाहीत. ज्याने सुतारकाम केलं त्यालाच नांगर कळतो, हे त्यांना ठाऊक असावं. फेब्रुवारी 2012मध्ये संपलेल्या वर्षात रेड हॅटचं उत्पन्न एक अब्ज डॉलरच्या पुढे गेलं. खुल्या सॉफ्टवेअरवर उभ्या असलेल्या कंपनीने हा टप्पा पहिल्यांदाच गाठला.

ज्यांना ही वर्गणी परवडत नव्हती त्यांचं काय? रेड हॅटने आपलं जुनं, फुकट मिळणारं वितरण बंद केलं आणि त्याच्या नवव्या आवृत्तीची देखभाल 30 एप्रिल 2004 रोजी थांबवली. त्या पोकळीतून सेंटओएस उभं राहिलं. रेड हॅटचा खुला कोड घ्यायचा, तिचं नाव आणि चिन्हं काढायची, पुन्हा बांधायचा आणि फुकट वाटायचा. 2005 साली रेड हॅटच्या वकिलांचं पत्र आल्यावर सेंटओएसने त्या कंपनीचं नाव घेणंच सोडलं आणि 'उत्तर अमेरिकेतला एक नामांकित लिनक्स विक्रेता' अशा अर्थाचा शब्दप्रयोग सुरू केला. जुन्या काळी बायका नवऱ्याचं नाव न घेता 'आमच्या घरचे' म्हणत, तसंच.

सेंटओएसने फार मोठी सोय केली. समजा एखाद्या संस्थेकडे वीस सर्व्हर आहेत. 799 डॉलरच्या छापील दराने त्यांची वर्गणी होते 15,980 डॉलर, म्हणजे 83 रुपयांच्या दराने वर्षाला सव्वातेरा लाख रुपये. एवढ्या रकमेत आपल्याकडे स्वतःचा सिस्टिम अ‍ॅडमिन ठेवता येतो आणि तो इतर कामंही करतो. अशा जागी सेंटओएस बसवणं हा कंजूषपणा नव्हता, तो साधा व्यवहार होता.

2014 साली रेड हॅटने सेंटओएसलाच आपल्या पंखाखाली घेतलं. 8 डिसेंबर 2020 रोजी घोषणा झाली की सेंटओएसची आठवी आवृत्ती पुढच्या वर्षाअखेर बंद होईल. तिला 2029पर्यंत आधार मिळेल असं आधी सांगितलेलं होतं. ज्यांनी त्या भरवशावर सर्व्हर उभे केले, त्यांच्या आठ वर्षांचं एक वर्ष झालं. सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक ग्रेगरी कर्टझर यांनी लगेच रॉकी लिनक्स सुरू केलं, क्लाउडलिनक्स कंपनीने अल्मालिनक्स आणलं. जून 2023मध्ये रेड हॅटने आपल्या एंटरप्राइझ आवृत्तीचा कोड गिऱ्हाइकांपुरता मर्यादित केला. आमचं काम घेऊन तसंच्या तसं वाटणाऱ्यांना आम्ही का पोसायचं, असा कंपनीचा युक्तिवाद होता. समोरून प्रश्न आला, तुम्ही तरी हे लिनक्स कुणाच्या खांद्यावर उभं केलंत?

खळ्यावर कोण नव्हतं?

तो प्रश्न वाजवी होता. बलुत्याची उपमा इथे अर्धवट राहते आणि तिची अंधारी बाजू आठवते. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली 'गावगाडा'त ही व्यवस्था तपशिलात नोंदवली. सगळ्या बलुतेदारांचा वाटा सारखा नव्हता. त्यांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी होत्या आणि वाटा ओळीप्रमाणे कमी होई. काम जन्माने ठरे, नाकारता येत नसे. प्रोग्रामरवर जातीची सक्ती नाही, म्हणून दोन्हींची बरोबरी करता येणार नाही. पण रास पडते तेव्हा खळ्यावर कुणाला बोलावतात, हा प्रश्न दोन्हीकडे विचारता येतो.

एप्रिल 2014मध्ये हार्टब्लीड नावाचा दोष उघड झाला. इंटरनेटवरच्या असंख्य सर्व्हरची गुपितं ज्या ओपनएसएसएल लायब्ररीच्या भरवशावर होती, तिच्यातच दोन वर्षं भगदाड होतं. लोकांनी चौकशी केली तेव्हा कळलं, की या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम 2000 डॉलर देणग्या मिळत आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने निधी उभारला. गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक यांच्यासह अनेक कंपन्यांनी दरवर्षी प्रत्येकी एक लाख डॉलर, तीन वर्षं देण्याचं कबूल केलं. इतकी वर्षं त्या ती लायब्ररी फुकटच वापरत होत्या.

डिसेंबर 2021मध्ये लॉग4जे या लायब्ररीत असंच भगदाड सापडलं आणि कंपन्यांची धावपळ झाली. त्या धांदलीत जानेवारी 2022मध्ये एका बड्या कंपनीने कर्ल या प्रोग्रामचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांना प्रश्नावली पाठवली आणि चोवीस तासांत उत्तरं मागितली. कर्लचा लॉग4जेशी काही संबंध नव्हता, आणि त्या कंपनीचा स्टेनबर्ग यांच्याशी कसलाही करार नव्हता. त्यांनी शांतपणे कळवलं की सपोर्टचा करार झाला की आनंदाने उत्तरं देतो. चोवीस तासांत उत्तर हवं असेल, तर ते 'सपोर्ट' आहे आणि सपोर्टला दर असतो. या सगळ्या इतिहासाचा सारांश त्या एका उत्तरात आला.

आपल्याकडेही याची जाण येते आहे. 2015 साली केंद्र सरकारने सरकारी कामात खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. ऑक्टोबर 2024मध्ये झिरोधाने खुले प्रकल्प सांभाळणाऱ्यांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी सुरू केला. ज्या सॉफ्टवेअरवर कंपनी उभी राहिली त्याचं देणं अंशतः फेडावं, असा त्यामागचा विचार.

पुण्याचं नातं याहून जवळचं आहे. रेड हॅटचं मोठं कार्यालय तिथे आहे. पोस्टग्रेस डेटाबेसला पैसे घेऊन आधार देणाऱ्या एंटरप्राइझडीबीचंही आहे. सपोर्टची कामं सूर्याच्या मागे फिरतात. एका देशात संध्याकाळ झाली की उघड्या तक्रारी दुसऱ्या देशातल्या जाग्या माणसांकडे जातात. परदेशातल्या कुठल्याशा बँकेचा सर्व्हर अडतो, तेव्हा करारात लिहिलेला तो 'एक तास' पुण्यात कुणाच्या तरी घड्याळावर मोजला जात असतो. 1997 साली पुरस्कार मिळवणारा अनोळखी माणूसही रात्रीच जागत होता. त्याला आवड होती म्हणून तो जागायचा, आणि झोप आली की निजायचा. या माणसाला निजता येत नाही. 950 डॉलरचा तो फरक त्याचा आहे.

तुम्ही कधी कॉलेजच्या लॅबमध्ये, स्टार्टअपमध्ये किंवा बँकेत फुकटचं सॉफ्टवेअर बसवाल, तेव्हा ते खरोखरच फुकट असेल. फक्त ते मोडल्यावर रात्री दोन वाजता कोण उठणार, त्याचं नाव आधी कागदावर लिहून ठेवा. तो माणूस कंपनीचा असेल, पगारावरचा असेल, किंवा तुम्ही स्वतः असाल. मग त्याला सुगीला काय द्यायचं, तेही लिहा.